इनक्लाइनवाले काका

पुण्यातल्या कोणत्याही बऱ्यापैकी सोसायटीच्या जिममध्ये सकाळी साडेसहाला खिडकीजवळच्या ट्रेडमिलवर जे गृहस्थ दिसतात, त्यांना बाकीचे सभासद ‘इनक्लाइनवाले काका’ म्हणतात. वय साठीच्या पुढे. नोकरी राष्ट्रीयीकृत बँकेत झालेली, मुलगा न्यू जर्सीत. अंगात मॅरेथॉनचा टी-शर्ट, तोही ट्रॅकपँटमध्ये नीट खोचलेला. मॅरेथॉन मात्र मुलगा धावलेला असतो. शेजारच्या यंत्रावर कानात बोंडे घालून धावणाऱ्या पोरांकडे ते दयेने पाहतात. वेग काय, कोणीही वाढवतो. चढाला लागेल तो खरा, असे त्यांचे मत आहे.

ट्रेडमिलला मुळात दोनच गोष्टी सांगता येतात: पट्टा किती जोरात फिरवायचा आणि पुढच्या बाजूने किती उचलायचा. हे उचलणे म्हणजेच इनक्लाइन, त्याचे माप टक्क्यांत असते. शंभर मीटर आडवे अंतर जाताना बारा मीटर वर चढलात, की झाला बारा टक्के चढ. कोनात मोजले तर हे सात अंशही भरत नाहीत, पण काकांसमोर अंशांची भाषा काढू नये. नव्वदच्या दशकात लोकांना मुदत ठेवीवर बारा टक्के व्याज देण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना तो आकडा पुन्हा डोळ्यांसमोर लुकलुकताना पाहून जे समाधान मिळते, ते सात अंशांत मिळत नाही.

काकांची आणि चढाची पहिली भेट बहुधा हॉस्पिटलात झालेली असते. छातीत धरल्यासारखे झाले, घरचे घाबरले, डॉक्टरांनी टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून केलेली हृदयाची चाचणी, करायला लावली. या चाचणीची सर्वांत रुळलेली पद्धत सिएटलच्या डॉ. रॉबर्ट ब्रूस यांची, १९६३ च्या सुमाराची. सुरुवातच दहा टक्के चढाने होते, वेग ताशी २.७ किलोमीटर. मग दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात: ४ आणि बारा टक्के, मग ५.५ आणि चौदा टक्के. काकांना निघाला गॅस. परंतु “तिसरी स्टेज पूर्ण केली, नऊ मिनिटं!” हे वाक्य त्यांनी त्या दिवसापासून लग्नाकार्यांत, बारशांत आणि एकदा तेराव्यालाही ऐकवलेले आहे.

पुढे ते सहा महिने मुलाकडे राहून येतात आणि तिथून सूनबाईने दाखवलेला मंत्र घेऊन येतात: बारा, तीन, तीस. बारा टक्के चढ, तीनचा वेग, तीस मिनिटे. समाजमाध्यमांवर गाजलेला हा प्रकार अमेरिकेतला आहे आणि त्यातले तीन हे मैल आहेत, म्हणजे ताशी ४.८ किलोमीटर. सोसायटीचे यंत्र किलोमीटरवाले. काका त्यावरही तीनच लावतात आणि “अमेरिकेत हे जड जायचं, इथे सहज जमतं, हवेचा फरक,” असा निष्कर्ष काढतात.

या चुकीची किंमत काढता येते. चालताना शरीराला किती प्राणवायू लागतो याचे एक सूत्र अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने दिलेले आहे. त्यात वेग आणि चढ यांचा गुणाकार होतो, म्हणून वेग पडला की चढाचेही मोल पडते. ताशी पाच किलोमीटरने सपाटीवर चालणाऱ्याने नुसता चढ दहा टक्के केला, तरी त्याची मेहनत दुपटीहून जास्त होते. काकांचे तीन आणि बारा या सूत्रात घातले, तर येणारे उत्तर पाच किलोमीटर आणि पाच टक्के यांच्या उत्तराइतकेच असते. आता पाच-पाच लावून कोण चालते? काकू. साडेसातला येतात, बहिणीशी फोनवर बोलत चालतात, घामही पदराने टिपतात आणि आपण व्यायाम केला असे कुठे सांगत नाहीत.

शिवाय काकू दांडी धरत नाहीत. काका धरतात, तीही दोन्ही हातांनी, कोपर ताणून, मागे रेलून. इथे सगळा हिशेब फसतो. माणूस मागे रेलला की त्याचे अंग पट्ट्याला काटकोनात येते, म्हणजे शरीराच्या दृष्टीने रस्ता पुन्हा जवळजवळ सपाट होतो. शिवाय वजनाचा काही भार हातांवर जातो. पोटऱ्यांना आणि मांड्यांच्या मागच्या बाजूला जे काम मिळायला हवे, ते मिळत नाही. तोल जात असेल, चाचणीत भीती वाटत असेल, तर बोटे टेकवणे ठीक, लोंबकळणे निराळे. यंत्राला यातले काही कळत नाही. ते आपले बारा टक्क्यांच्या कॅलऱ्या दाखवत राहते, आणि काका त्या फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकतात.

तीस मिनिटांत काका दीड किलोमीटर ‘चालतात’, म्हणजे सुमारे एकशे ऐंशी मीटर ‘चढतात’. साडेतीन सकाळी म्हणजे एक सिंहगड, असे त्यांनी डायरीत मांडून ठेवले आहे. प्रत्यक्ष सिंहगडावर मात्र निराळेच घडते. काका वर जातात, ताक पितात, पिठलं-भाकरी खातात, आणि उतरताना दुसऱ्याच वळणावर गुडघा धरून बसतात. सोसायटीच्या यंत्राचा पट्टा फक्त वर जातो. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत ब्रेक लावतो, ती सवय चढाच्या टक्क्यांनी होत नाही. त्यासाठी पर्वतीच्या पायऱ्या बऱ्या, पण तिथे आकडा दाखवणारा पडदा नाही.

धावणाऱ्या पोरांना काका एक सल्ला हमखास देतात: “शून्यावर पळू नका रे, एकवर ठेवा, मोकळ्या हवेचा विरोध भरून निघतो.” सल्ला खोटा नाही, १९९६ सालच्या एका इंग्लिश अभ्यासातून तो आलेला आहे. तो चांगल्या वेगाने धावणाऱ्यांसाठी आहे, चालणाऱ्याला वारा फारसा अडवत नाही. पोरे मान हलवतात आणि आठ-दहाच्या वेगाने पळत राहतात. त्यांच्याविषयी इतकेच पुरे.

उतरण्याची पद्धत सर्वांत घातक. आधी चढ शून्यावर आणावा, मग वेग हळूहळू कमी करावा, दोन-चार मिनिटे सपाटीवर चालावे, म्हणजे घेरी येत नाही. लाल दोरीची क्लिप कपड्याला लावलेली असावी. काका क्लिप यंत्रावरच लटकत ठेवतात, तीस मिनिटे भरताच लाल बटण दाबतात आणि पट्टा थांबण्याआधी बाजूच्या पट्टीवर उडी घेतात. यंत्र तसेच नाक वर करून उभे राहते, आणि काकूंना आल्या आल्या ते खाली आणावे लागते. भिंतीवर याबद्दल सूचना आहे: ‘सभासदांनी वापरानंतर इनक्लाइन शून्यावर आणावे. अन्यथा शंभर रुपये दंड आकारण्यात येईल.’ खाली सोसायटीच्या सचिवांची सही आहे. सचिव काकाच आहेत.