पुरवणी द्या, पुरवणी!

दहावीच्या परीक्षेत ज्याने कधी उभं राहून पुरवणी मागितली नाही, मूळ उत्तरपत्रिकेचीच चार पानं कोरी ठेवून जो सर्वांच्या आधी घरी पोचला, तो पोरगा आता दर महिन्याला पगार झाला की पुरवणी मागवतो! आणि कसली? खेळाची! नियमांची! शिव शिव!

परवा कंपनीच्या बसमध्ये ऐकलं. हायवेला नेहमीची माळ लागलेली, मोशीपासून कुरुळीपर्यंत ट्रकला ट्रक चिकटलेला, सेकंड शिफ्टला लेटमार्क बसणार हे सगळ्यांनी मनोमन मान्य केलेलं. तेवढ्यात मागच्या सीटवरचा क्वालिटीवाला शेजारच्याला कळवळून विचारतो, "भाऊ, आधी ताशा घेऊ का झॅनाथर?" आपल्याला वाटलं, गणपतीला पथक काढतोय बिचारा. ढोलाचं काय, म्हणून विचारायला वळलो, तर हातात मोबाईल आणि मोबाईलवर चेटकीण!

तर हे डंजन्स अँड ड्रॅगन्सचं खूळ. तुम्हाला ठाऊक आहे, उगाच नाही म्हणू नका. वन बीएचकेच्या हॉलमध्ये सतरंजी, मध्ये फरसाण, भोवती चार-पाच थोराड बाप्ये. एक डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा. बाकी कुणी जादूगार, कुणी चोर, कुणी बुटका योद्धा. दिवसभर मशीनवर मायक्रॉन मोजणारा माणूस रात्री वीस बाजूंचा फासा मुठीत घोळवत "वीस ये, वीस ये" करतो, आणि एक पडला की असा बसतो, जणू अख्खी बॅच रिजेक्ट झाली.

खेळ अमेरिकेतला, १९७४चा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला तेव्हा एका डब्यात तीन पातळ पुस्तिका होत्या. किती सुटसुटीत! पण पुढच्याच वर्षी 'ग्रेहॉक' नावाची पहिली पुरवणी आली. म्हणजे रोग जन्मजात आहे, कुरुळीच्या पाण्याचा दोष नाही.

नवख्याला रीतसर तीन ग्रंथ लागतात. खेळाडूंना प्लेयर्स हँडबुक, गोष्टवाल्याला डंजन मास्टर्स गाइड आणि भुताखेतांची खानेसुमारी म्हणजे मॉन्स्टर मॅन्युअल. पण तिनावर थांबेल तो भक्त कसला? २०१७ साली आलं 'झॅनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग'. एव्हरीथिंग! सगळं म्हणजे सगळं! मग २०२० साली 'ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' कशातनं निघालं? पहिल्या 'सगळ्यात' न मावलेलं हे दुसरं 'सगळं' तोवर होतं कुठे? विचारून बघा. तो तुमच्याकडे दयेने पाहतो आणि सांगतो की झॅनाथर म्हणजे हवेत तरंगणारा, डोळेच डोळे असलेला गोळा, आणि त्याने एक गोल्डफिश पाळलाय. झालं समाधान?

शिळ्या कढीला ऊत आणावा तर यांनीच. २०१६ आणि २०१८च्या दोन जाड पुस्तकांतली भुतं २०२२ साली डागडुजी करून एका नव्या पुस्तकात घातली, आणि आपल्या लोकांनी तीही घेतली. तीच भुतं, परत! आणि २०२४ला तर कहर. हँडबुकची सुधारित आवृत्ती आली, ३२० पानांची ३८४ झाली. ड्रॉइंगची रिव्हिजन बदलली की काय करतात, हे चाकण पट्ट्यात कुणी शिकवायला नको: जुन्यावर लाल शिक्का, विषय संपला. इथे मात्र जुनी टाकवत नाही आणि नवी घेतल्यावाचून राहवत नाही. एकाच सतरंजीवर दोन रिव्हिजन चालू! ऑडिटरने पाहिलं असतं तर थेट एनसी.

आणि आत काय आहे म्हणता? आपला राक्षस आहे! १९७७च्या पहिल्या मॉन्स्टर मॅन्युअलपासून आहे. वाघाचं डोकं, उलटे तळवे, अंगात झगा आणि तोंडात पाइप. आजीच्या गोष्टीतला काळा, दात विचकणारा, तो तिकडे जाऊन साहेब झाला आणि आता आपण त्याला इंग्रजीतून विकत घेतो. झॅनाथरच्या शेवटी तर पात्रांना ठेवायच्या नावांचे तक्ते आहेत, त्यात भारतीय नावंसुद्धा. खेड तालुक्यातल्या माणसाने भारतीय नाव कोणतं ठेवावं, तर फासा टाकून! आत्याबाईंनी कानात कुर्रर्र करायचं ते कशाला मग?

सगळ्यात मोठा घात आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी केला. रात्री अकराला आवाजाची तक्रार घेऊन वर गेले, दोनला खाली आले. आता ते एल्फ आहेत. वर म्हणतात, साहसाची गोष्ट विकत कशाला घ्यायची, चाकणचा संग्रामदुर्ग आहे की! १६६० साल, आत फिरंगोजी नरसाळा, बाहेर शाइस्ताखान, जवळजवळ दोन महिने किल्ला झुंजतोय. बेत झकास होता. पण सुरुंगाने बुरूज उडतो तेव्हा किती फासे टाकायचे, यावर तीन पुस्तकं उघडली गेली आणि बुरूज उडायच्या आत दूधवाला आला.

अमेरिकेत १९८०च्या दशकात आईबाप ओरडत होते की या खेळाने पोरं सैतानाच्या नादी लागतात. १९८९च्या आवृत्तीत सैतानांची नावंसुद्धा बदलली म्हणे त्या धास्तीने. इथे सैतान परवडला, तो निदान हप्त्यावर पुस्तकं मागत नाही.

बरं, नवख्याने करावं काय? मूळ नियमांचा प्राथमिक भाग फुकट उतरवून घेता येतो, त्यावर चार रात्री आरामात निघतात. मग एकच पुरवणी घ्यायची तर झॅनाथर. सापळे आहेत, दोन मोहिमांमधल्या रिकाम्या दिवसांचे उद्योग आहेत, गोष्टवाल्याची सोय होते. ताशा नंतर. असं आपण ऐकलंय हं. आपल्याला काय करायचंय?

काल कुरिअरवाल्याचा फोन आला, फाट्यावर उभा आहे, चौकोनी जड पार्सल आहे म्हणून. शेजाऱ्यांचं असणार. नाव आपलं होतं, ओटीपी आपल्याच मोबाईलवर आला, ते सोडा. फक्त सेक्रेटरींना कळू देऊ नका. ते आधी वाचायला नेतात आणि पानांचे कोपरे दुमडतात.