झोपलास का रे?

झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, असं आपण म्हणतो. तिसरा प्रकार या म्हणीच्या हिशेबात नाही. तो खरोखर गाढ झोपलेला असतो, पण ‘झोपलास का रे?’ म्हटलं की ताडकन उठतो आणि ‘छे, जागाच आहे’ म्हणतो. माणसांत असे पुष्कळ. लिनक्सच्या कॉम्प्युटरमध्ये तर ही रीतच आहे.

माझ्या भाच्याचं आष्टीत झेरॉक्सचं दुकान आहे. तालुका परतूर, जिल्हा जालना. विंडोज झेपेनासं झालेल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर त्याने लिनक्स चढवलंय. पीकविम्याच्या ऐन गर्दीत त्याचा फोन आला.

“मामा, प्रिंटची सर्व्हिस डेड दाखवायलीय.”

“प्रिंट निघतेय का?”

“निघायलीय ना! अन् निघाल्यावर बघितलं तर चालू दाखवायलीय.”

“मग एकदा बंद करून बघ.”

“केली की! पुढच्या प्रिंटला पुन्हा आपली आपण चालू. कुणाची नजर लागली काय की.”

नजर-बिजर काही नव्हती. प्रिंटचं काम पाहणाऱ्या ‘कप्स’ला मिनिटभर काही काम नसलं की निजायची सोय असते. तो निजला तरी त्याचं सॉकेट, म्हणजे निरोप यायची जागा, सगळ्या सर्व्हिस सुरू-बंद करणारा ‘सिस्टिमडी’ उघडी धरून बसलेला असतो. निरोप आला की तो कप्सला उठवतो, आणि कप्स डोळे चोळेपर्यंत आलेला निरोप कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, रांगेत थांबतो. हरवत काही नाही. सर्व्हिस बंद करताना कॉम्प्युटर बजावतोसुद्धा, की ही बंद करतोय खरा, पण सॉकेट हिला पुन्हा उठवू शकतं. पण काउंटरवर सातबारा धरलेले चार हात पुढे आलेले असताना काळ्या पडद्यावरची ओळ वाचतो कोण! खरंच बंद करायचं तर सर्व्हिस आणि सॉकेट दोघांनाही बसवावं लागतं.

खरी गंमत तपासण्यात आहे. ‘एलपीस्टॅट’ ही कमांड देऊन कप्सलाच विचारलं, बाबा चालू आहेस का, तर तो विचारण्यानेच उठतो आणि ‘चालू आहे’ म्हणून मोकळा होतो. त्याची झोप त्याला विचारून कळायची नाही. सिस्टिमडीकडे चौकशी करावी. त्याच्याकडे कोण कुठे कान देऊन बसलंय आणि निरोप आला तर कोणाला उठवायचं, याची यादीच असते.

ही युक्ती आजची नव्हे. १९८६ च्या ‘४.३ बीएसडी’त ‘आयनेटडी’ असाच सगळ्यांच्या वतीने कान देऊन बसायचा. ॲपलने २००५ मध्ये ‘लाँचडी’त तीच कल्पना पुढे नेली. एप्रिल २०१० मध्ये लेनार्ट पोटरिंग यांनी लांबलचक लेख लिहून सिस्टिमडी जगापुढे मांडला, तोही लाँचडीचं ऋण उघड मान्य करून. आधी सगळी सॉकेटं उघडायची आणि मग सगळ्या सर्व्हिस एकदम सोडायच्या, म्हणजे कोणी कोणासाठी खोळंबत नाही आणि कॉम्प्युटर लवकर सुरू होतो. सिस्टिमडीवरून पुढे लिनक्सच्या जगात जी भांडणं झाली, ती गावकीला लाजवतील अशी होती. पण लाइट कधी जाईल याचा नेम नसलेल्या गावात कॉम्प्युटर लवकर उठणं ही चैन नाही, एवढं मी भाच्याच्या वतीने सांगतो.

भाच्याला मग चेव आला. गिऱ्हाइकांच्या मोबाइलमधल्या फायली दुकानातल्या कॉम्प्युटरवर घ्यायला त्याने स्वतः एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता, ८०८० पोर्टवर चालणारा. त्यालाही त्याने सॉकेट जोडून दिलं. अशा प्रोग्रॅमच्या हाती सॉकेट उघडलेलंच दिलं जातं, आणि तेही ३ नंबरवर, कारण ०, १ आणि २ आधीच वाटलेले असतात: एक वाचायला, एक लिहायला, एक तक्रारीला. भाच्याच्या प्रोग्रॅमला हे कोणी सांगितलेलंच नव्हतं. तो उठला, स्वतःच ८०८० उघडायला गेला, ‘पत्ता आधीच वापरात आहे’ असं ऐकून कोसळला. निरोप रांगेत तसाच, म्हणून सिस्टिमडीने पुन्हा उठवला. पुन्हा कोसळला. दहा सेकंदांत पाचदा असं झालं की सिस्टिमडी नाद सोडतो, आणि मग सॉकेटही आडवं होतं. भाचा बिचारा सर्व्हिसचीच नाडी बघत बसला होता. तिकडे कान द्यायलाच कोणी उरलं नव्हतं.

दुरून कॉम्प्युटरमध्ये शिरायच्या ‘एसएसएच’चंही तसंच. उबुंटूने २२.१० पासून तेही सॉकेटवर टाकलं; कोणी येत नसेल तर उगाच मेमरी कशाला अडवा, हा हिशेब. त्यामुळे जुन्या सवयीने एसएसएचच्या फायलीत पोर्ट २२ चा २२२२ केला, सर्व्हिस बंद-चालू केली, तरी येणारा २२ वरच येई. पोर्ट बदलावा लागे तो सॉकेटच्या फायलीत. आष्टीकराला हे समजवायला लागत नाही. बीडला आष्टी, वर्ध्याला आष्टी, गडचिरोलीत आष्टी, मोहोळ तालुक्यात आणखी एक. तुम्ही घरावर पाटी कितीही ठसठशीत लावा, कुरिअरवाला पार्सलवरचा पत्ता बघणार आणि ते बीडला नेऊन टाकणार. २४.०४ मध्ये सॉकेट त्या जुन्या फायलीतलाच पोर्ट उचलतं, पण सिस्टिमडीला फाइल पुन्हा वाचायला लावून सॉकेट बंद-चालू केल्यावर.

मला यातली काटकसर आवडते, पण तिची एक खोड आहे. काम पडेपर्यंत सर्व्हिस उठतच नाही, म्हणजे बिघाडही तोवर निजलेलाच असतो. सकाळी सगळं ठीक दिसतं आणि नेमकं पहिलं गिऱ्हाईक फोन पुढे करतं तेव्हा कळतं. भाच्याने यावर स्वतःपुरता तोडगा काढलाय. शटर वर केलं की उदबत्ती, मग स्वतःच्याच मोबाइलमधून एक फाइल पाठवून तिची प्रिंट, आणि त्यानंतर भवानी. तो पाठकोरा कागद वाया जात नाही. त्यावर दिवसभराची उधारी लिहिली जाते.