नवं कार्ड, निम्मा रस्ता

एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० टीआय हे ग्राफिक्स कार्ड डिसेंबर २०२० मध्ये आलं, ३९९ डॉलरला. मे २०२३ मध्ये ४०६० टीआय आलं, तेही ३९९ डॉलरलाच. भाव वाढला नाही म्हणून आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो, तेवढ्यात भाच्याने दोघांच्या पत्रिका शेजारी शेजारी मांडल्या.

कुडा कोअर ४८६४ होते, ते ४३५२ झाले. मेमरी बस २५६ बिटांची होती, ती १२८ वर आली. चौपदरी रस्ता उखडून दुपदरी करायचा आणि वर फीतही कापायची! बँडविड्थ सेकंदाला ४४८ गिगाबाइटवरून २८८. मेमरी ८ गिगाबाइट, जैसे थे.

‘पण मामा, कॅश बघ की!’ खरंच, एल२ कॅश ४ मेगाबाइटवरून ३२. घरातच कोठार मोठं असल्यावर बाजाराचा रस्ता रुंद हवा कशाला? युक्तिवाद अगदीच खोटा नाही. १०८०पी पडद्यावर नवं कार्ड थोडं पुढे असतं, आणि २०० ऐवजी १६० वॅटांत भागवतं. पडदा ४केचा लावला की मात्र कोठार अपुरं पडतं, आणि काही खेळांत दोघं खांद्याला खांदा लावून धापा टाकतात.

मग येतं नव्या कार्डाचं फ्रेम जनरेशन. दोन खऱ्या चित्रांच्या मधलं चित्र कार्ड अंदाजाने काढतं, आणि वेगाच्या आलेखातला खांब ताडमाड होतो. शाळेत प्रयोगवहीतली मधली निरीक्षणं आम्ही अशीच भरायचो. बाई त्याला वेगळं नाव द्यायच्या.