मेलेली खाती उठून बसली

"अगं, रात्री साडेअकराला तुमचं फाटक वाजलं. मी म्हटलं चोर की काय!"

चोर कसला काकू, मीच. आमच्या पतसंस्थेत जुन्या सॉफ्टवेअरमधली खाती नव्यात न्यायचं चाललंय. महिना झाला, घरचा स्वयंपाक नवराच करतोय.

"बटण दाबलं की होत नाही का ते?"

नवीन सॉफ्टवेअरवाल्या मुलालाही तसंच वाटलं होतं. आमचं जुनं फॉक्सप्रोमधलं. मायक्रोसॉफ्टनं त्याचा नाद २०१५ सालीच सोडला, आम्ही मात्र परवापर्यंत त्यावरच पासबुकं भरत होतो. त्यात प्रत्येक खात्याची ओळ वेगळी आणि दर ओळीत नाव पुन्हा टाइप केलेलं. नव्यात माणूस एकदाच. ठेव, कर्ज, जामीन सगळं त्याच्या एका नंबराला बांधलेलं. मग बसा जुळवत! ठेवीत कुलकर्णी, कर्जात कुळकर्णी, जामीनदार म्हणून नुसतेच 'अण्णा'. तिघे निघाले एकच.

"कोण गं अण्णा? कोपऱ्यावरचे?"

नाव नका विचारू काकू, नोकरी जाईल माझी. एवढंच सांगते, मेहुण्याचं तोंड बघत नाहीत आणि त्याच्याच कर्जाला जामीन आहेत.

"अगंबाई! बायकोला माहीत आहे?"

ते आमच्या कॉम्प्युटरात नाही. बरं, नावं तरी धड यावीत? जुना मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना मराठीचा मुखवटा. फॉन्ट काढला की नुसता खिचडा. तो युनिकोडमध्ये बदलला, तर पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर. फॉन्टात ती अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये नंतर लागते. तुमच्या कमलिनीवन्संची 'कमिलनी' झाली होती!

"आणि तू हसलीस?"

हसले, मग चारशे नावं हातानं सुधारली. जन्मतारखांचं तर बोलूच नका. जिथे रकाना रिकामा होता, तिथे नव्या सॉफ्टवेअरनं १ जानेवारी १९०० धरली. अर्धं गाव सव्वाशे वर्षांचं! १ जूनवाले तेवढे जसेच्या तसे आले, ते मास्तरांनीच शाळेत घातले होते.

पण खरी गंमत पुढेच. फॉक्सप्रोत ओळ डिलीट केली तरी ती जात नाही. तिच्यावर खूण पडते, आणि खूणवाल्या ओळी दाखवायच्या नाहीत एवढंच सॉफ्टवेअरला सांगून ठेवलेलं असतं. कायमची काढायची तर 'पॅक' म्हणून वेगळी आज्ञा. ती आमच्याकडे कुणी कधी दिलीच नव्हती. त्या पोरानं खूण न बघता फाईल अख्खी उचलली. झालं! मिटलेली कर्जं, बंद खाती, चुकून दोनदा पडलेल्या नोंदी, सगळी उठून बसली. तेरीज जुळेना. साहेब म्हणाले, एवढ्या ठेवी आपल्याकडे कधीपासून? चेहऱ्यावर आनंदच होता हो त्यांच्या, दोन मिनिटं!

मग मुलानं खूणवाल्या ओळी वगळून सगळं पहिल्यापासून केलं. आता दोन्ही सॉफ्टवेअरवर रोज संध्याकाळी एकच दिवस लिहायचा आणि बेरजा ताडून बघायच्या. म्हणून उशीर.

"हं. दमत असशील."

त्या उठलेल्यांत तुमचे मामंजीही होते बरं का. जुनं बचत खातं त्यांचं.

"मामंजी?" काकूंच्या हातातली कढीपत्त्याची डहाळी कुंपणावरच राहिली. इकडेतिकडे बघून त्या जवळ सरकल्या. "शिल्लक किती दाखवत होतं गं?"