घरीच शाळा, सरकारी मदतीत : पेण तालुक्यातल्या कासूकरांसाठी पहिले धडे

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलंत? अभिनंदन. आता पैशाचं बघू. घाबरू नका, योजना भरपूर आहेत; फक्त बहुतेकींना शाळा लागते.

पायरी पहिली. काय काय फुकट मिळतं ते कागदावर उतरवा : पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं, गणवेश, दुपारची खिचडी. खाली बारीक अक्षरात लिहा, ‘शाळेच्या पटावर नाव असल्यास’. आठवीत एनएमएमएस शिष्यवृत्तीच्या परीक्षेत निवड झाली की नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये. पण अर्ज शाळेमार्फत, आणि तुमच्या स्वयंपाकघराला शाळांना असतो तो यूडायस क्रमांक नाही. मुलींना एसटीचा अहिल्यादेवी होळकर पास मोफत, तोही शाळेत जाण्यासाठीच. रेल्वेचा विद्यार्थी पास मुख्याध्यापकांच्या दाखल्यावर. आयकराच्या जुन्या करप्रणालीत शाळेची फी वजावटीत दाखवता येते, घरी येणाऱ्या मास्तरांची नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) 25 टक्के जागांचं तर विचारूच नका, त्या खासगी शाळेत आहेत.

चाळण मारल्यावर उरतं ते एसटीचं अर्धं तिकीट. वय 5 ते 12 असलं की झालं, शाळा कोणती हे कंडक्टर विचारत नाही. आईलाही 2023 पासून महिला सन्मान योजनेत अर्धंच. दोघांनी महामार्गावर पेणची गाडी धरावी आणि महात्मा गांधी वाचनालय गाठावं. बाबांना पूर्ण तिकीट पडतं. त्यांनी घरी थांबून बचतीला हातभार लावावा.

पायरी दुसरी, पुस्तकं. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, ‘किशोर’चे जुने अंकही. अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स मात्र काढू नका, छापील प्रत स्वस्त पडेल.

पायरी तिसरी, चित्रकला. क्लास लावू नका. पेणजवळच्या हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत जा. पेणच्या मूर्तींना 2023मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि डोळ्यांची आखणी चाललेली बघायला अजून तरी पैसे पडत नाहीत. श्रावणात जाऊ नये, कारागिरांना मान वर करायला फुरसत नसते.

पायरी चौथी, पाहुणे. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात गुरुजी दारात येतील. त्यांना चहा द्या. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पदांच्या मोजणीत, शिक्षकाचं पद जातं, त्यामुळे तुमच्या बाळाविषयी आत्यापेक्षाही त्यांना जास्त जिव्हाळा असतो. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 10 सांगतं की मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य. न घातल्यास दंड किती, ते कायदा सांगत नाही. तेवढे पैसे वाचले असं धरा.

हेच गुरुजी वीटभट्टीवरही जातात. दिवाळीनंतर पेण-रोह्याच्या वाड्यांवरची कातकरी कुटुंबं भट्टीवर निघतात, पोरं बरोबर. त्यांचंही शिक्षण मग आईबापांपाशीच, विटा थापता थापता. त्याचं अभिनंदन करायला कोणी जात नाही. स्थलांतर करणाऱ्या या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं, ते दाखवून जिथे गेलो तिथल्या शाळेत बसता येतं. ते कार्ड आपण हौशी मंडळींनी मागू नये.

पायरी पाचवी, परीक्षा. चौदा वर्षं पूर्ण झाली की एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेची दहावी देता येते, मराठीतूनही. मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींना शुल्क कमी. नाहीतर बाहेरून परीक्षा देण्यासाठी राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म आहेच. हा खर्च वहीत लिहा. शिकवण्यासाठी आईने सोडलेल्या नोकरीचा पगार लिहू नका. त्या आकड्यापुढे बाकीची सगळी बचत चिल्लर आहे, आणि तो भरून देणारी योजना केंद्रातही नाही, राज्यातही नाही.

एवढं करून दमलात, तर जिल्हा परिषदेच्या शाळेत चौकशी करा. वर्षाच्या मध्यातही प्रवेश नाकारता येत नाही, आणि फी नाही.