एका दिवसाच्या अल्बमची कैफियत

एडिसन, न्यू जर्सी

ती. बाबांस,

तुमच्या नातवाने चौघांचा बँड जमवून स्वतःच्या जॅझ रचनांचा अल्बम एका दिवसात रेकॉर्ड करायचा घाट घातला आहे, त्यावरच्या तुमच्या शंका पोचल्या. ‘एका दिवसात उरकतं ते लग्न, संगीत नव्हे’ हे वाक्य तर घरात सगळ्यांना पाठ झालं आहे. तरी या खटल्यात मी नातवाचं वकीलपत्र घेतो. छोट्या बँडने स्वतःच्या रचना एका खोलीत, एकत्र बसून, दोन-तीन वेळा वाजवून थांबावं. मेहनत करायची ती स्टुडिओत पाऊल टाकण्याआधी.

पुरावा आमच्याच राज्यातला आहे. रूडी व्हॅन गेल्डर हा गृहस्थ दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा आणि उरलेल्या वेळात हॅकेन्सॅकला आईवडिलांच्या दिवाणखान्यात जॅझ रेकॉर्ड करायचा. दिवाणखान्यात ड्रम नकोत म्हणता, पण त्या माउलीने काय काय सोसलं असेल! १९५६ मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या पाच जणांनी तिथे मे महिन्यातला एक आणि ऑक्टोबरातला एक, अशा दोन दिवसांत चार एलपींचं संगीत वाजवून टाकलं. मात्र ती जुन्या कंपनीचं कंत्राट फेडण्याची घाई होती आणि बऱ्याचशा चालीही दुसऱ्यांच्या होत्या, त्यामुळे हा साक्षीदार मीच मागे घेतो. पुढचा पक्का आहे. १९५९ मध्ये व्हॅन गेल्डरने जवळच एंगलवुड क्लिफ्सला उंच लाकडी छताचा स्टुडिओ बांधला. ९ डिसेंबर १९६४ रोजी तिथे सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीने ‘अ लव्ह सुप्रीम’ हा अल्बम वाजवला. चार भाग, सगळी रचना कोल्ट्रेनची. दुसऱ्या दिवशी दोन वादक वाढवून पहिला भाग पुन्हा वाजवून पाहिला. रेकॉर्डवर आला तो मात्र आदल्या दिवशीचाच.

तुम्ही विचारता, सगळं आयत्या वेळी सुचणार असेल तर मुलाने रचलं काय? बंदिश दोन ओळींची असते म्हणून तुम्ही कधी गायकाला अर्धी बिदागी दिल्याचं ऐकिवात नाही. इथेही रचना म्हणजे एक मुखडा आणि स्वरसंगतींचा क्रम, बाकीचा विस्तार वादकांचा. १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमसाठी माइल्सने वादकांपुढे चालींचे नुसते आराखडे ठेवले होते, पियानोवादक बिल एव्हान्सने कव्हरवरच्या टिपणात तसं लिहून ठेवलं आहे. आराखडा नवा असला की प्रत्येक जण कान टवकारून बसतो. पंधराव्या खेपेला बासवाला कुठे वळणार हे पियानोवाल्याला पाठ झालेलं असतं, आणि मग दोघंही आपापल्या सकाळच्या वादनाची नक्कल करू लागतात.

चुका दुरुस्त का करायच्या नाहीत, हा तुमचा सगळ्यात जड आक्षेप. एक अडचण साधी आहे: चौघं एका खोलीत वाजवतात तेव्हा ड्रमचा आवाज पियानोच्या माइकातही शिरतो, त्यामुळे एकट्याची चूक अलगद काढता येत नाही. शिवाय चुकीने रेकॉर्ड बुडते असंही नाही. ‘काइंड ऑफ ब्लू’च्या पहिल्या बैठकीत टेपयंत्र किंचित हळू चालत होतं, म्हणून पहिल्या बाजूचे तिन्ही तुकडे जगाने तीसेक वर्षं जरा चढ्या सुरात ऐकले. तरी अमेरिकेत तिची विक्री पन्नास लाखांवर गेली. पण ‘जायंट स्टेप्स’ मात्र तुमच्या बाजूने साक्ष देते, हे लपवत नाही. १९५९ मध्येच कोल्ट्रेनने भरधाव लयीत, दर दोन मात्रांना पायाखालची जमीन बदलणारी ती रचना टॉमी फ्लॅनगनपुढे ठेवली आणि एवढा मुरलेला पियानोवादक मध्येच अडखळला. ते अडखळणं रेकॉर्डवर तसंच आहे. १९८२ मध्ये फ्लॅनगनने तीच चाल स्वतःच्या अल्बमवर निवांत वाजवून हिशेब चुकता केला. म्हणजे तालीम हवीच. ब्लू नोट ही रेकॉर्ड कंपनी तर वादकांना तालमीचेही पैसे द्यायची आणि तिच्या रेकॉर्डींवर ते ऐकूही येतं. नातवाच्या चौकडीच्या तालमी आमच्या तळघरात चालू आहेत, त्याही विनावेतन.

राहिला ‘हे आपलं नव्हे’ हा मुद्दा. १९५१ च्या ‘अलबेला’ सिनेमाची गाणी तुम्ही अजून गुणगुणता. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र पुणतांब्याचे आणि त्यांच्या हाताशी होता ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, म्हणजे आपल्या गोव्याचा अँतोनियो झेवियर वाझ. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणाऱ्या गोवेकरांनीच हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत खुर्च्या भरल्या, तेव्हा हे पाणी तुमच्या अंगणातून कधीच वाहून गेलं आहे. आणि पैशांचं म्हणाल तर अल्बम विकून पैसे मिळतील अशी आशा नातवालाही नाही. स्वतःच्या रचना असल्याने दुसऱ्या कुणाला स्वामित्वधन मात्र द्यावं लागणार नाही.

आईस सा. न. सांगा. चार मुलं दिवसभर वाजवणार तर जेवणार काय, या तिच्या प्रश्नाचं उत्तर सूनबाई वेगळं लिहीत आहे. त्यावर मी युक्तिवाद करू नये असं ठरलं आहे.

तुमचा,
मधू