दहा पसंतीक्रम आणि रिसोडची मावशी

वाशीम जिल्ह्यातल्या माणसाला ताण काय असतो ते जूनमध्ये कळतं. मृग कोरडा चाललेला, सोयाबीनचं बियाणं ओसरीत येऊन पडलेलं, आणि त्यात पोट्ट्याचा अकरावीचा फॉर्म! पूर्वी बाप गुणपत्रिका घेऊन थेट कॉलेजात जायचा, बाबूला रामराम घालायचा, प्रवेश व्हायचा. अकरावीचे ऑनलाइन प्रवेश म्हणजे मुंबई-पुणे-नागपूरवाल्यांची भानगड होती. 2025 पासून ती राज्यभर झाली. आता मानोऱ्याच्या पोरालाही शंभर रुपये भरून कॉलेजांची रांग लावावी लागते. एकापासून दहापर्यंत.

मी निवृत्त मास्तर आणि घरात वायफाय, त्यामुळे गल्लीतलं हे खातं माझ्याकडे आलं. पहिला अडथळा ओटीपीचा. मोबाइल नंबर बापाचा, बाप वावरात, आणि रेंज फक्त बांधावरच्या बाभळीखाली. तिथून तो ओरडतो, "एकोणसत्तर, एकोणऐंशी, सदुसष्ट!" पोराला मराठी आकडे पन्नासपर्यंतच येतात. तो बोटं मोजून एकोणसत्तरपाशी पोचतो तोवर ओटीपीची मुदत संपलेली असते. पासवर्ड मात्र घरात सगळ्यांना पाठ, कारण तो बैलाच्या नावावर असतो.

कागदपत्रांची फाईल पोरापेक्षा जास्त जपली जाते. टी.सी., जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर. अस्सल एका कप्प्यात, झेरॉक्स दुसऱ्यात ठेवा, एवढंच माझं शास्त्र. तरी ऐन वेळी झेरॉक्सच सापडते आणि अस्सल कपाटात, कपाटाची किल्ली आजीकडे, आणि आजी कीर्तनाला. येणारा-जाणारा सोयरा पोराला "ताण घेऊ नको" म्हणून जातो. दिवसभरात इतक्यांदा ऐकल्यावर कोणाला ताण येणार नाही?

पण खरी मजा पसंतीक्रमात. गल्लीतल्या एका पोराचंच घ्या. पहिला नंबर घराजवळच्या कॉलेजाचा, त्यावर वाद नाही. मग त्याची आई म्हणाली, "दुसरं रिसोड लावा, तिथं मावशी हाय."

"अन् मालेगाव?" मी विचारलं.

"मालेगावले कायले? धुऱ्यावरून चुलत्याचं अन् आपलं वाजलेलं हाय."

आजी म्हणाली, "कारंज्याले टाका. पोट्टं गुरुमहाराजाच्या पायाशी राहीन."

कॉलेजात विज्ञान शाखा आहे की नाही, हा प्रश्न मीच विचारला, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहुणा जेवताना मीठ मागतोय तसं पाहिलं. यादी हळूहळू त्या घराच्या सोयरिकीचा नकाशा झाली: कुठं लग्न जुळलं, कुठं मोडलं, कोणाकडे उसने पैसे अडकले. सहाव्या नंबरापाशी नातेवाईक संपले. मग बाप म्हणाला, "अकोला टाका, यादीत चांगलं दिसते." ज्याच्यासाठी हे चाललं होतं तो पोरगा कोपऱ्यात बसून क्रिकेट पाहत होता. सगळ्यात कमी ताण त्यालाच.

प्रवेशाची यादी लागली. पहिल्याच पसंतीचं कॉलेज मिळालं, घरापासून चालत जाण्याएवढं जवळ. मी पेढे मागितले, तर आईचा चेहरा पडलेला.

"मास्तर, दुसऱ्या नंबरचं नाही घेता येत का?"

पहिली पसंती लागली की तिथंच प्रवेश घ्यावा लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्या बंद, असा नियम मी समजावून सांगितला.

"नियम ठीक हाय हो," ती म्हणाली, "पण मावशीनं खोली रिकामी करून कॉट टाकली, कूलर घेतला. आता तिले फोन तुमीच लावा."